चढणीचे दिवस

मे महिन्यात कणकवलीतलं आमचं महाविद्यालय ओस पडतं. परीक्षा आटोपलेल्या असतात, वसतिगृहाच्या खोल्यांना कुलपं असतात, कॅन्टीनवाला शटर ओढून घरच्या आंब्या-काजूंच्या मागे लागलेला असतो. जांभ्याच्या भिंती दिवसभर तापतात आणि रात्री उशिरापर्यंत धग सोडत राहतात. मागच्या बाजूच्या फणसाखाली पिकून फुटलेले गरे पडतात. त्यांचा गोड, जरासा आंबलेला वास थेट प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेपर्यंत येतो. माणसांची वर्दळ थांबली की या आवारात आणखी कोण कोण राहतं ते दिसू लागतं. पाण्याच्या टाकीखालच्या ओलाव्यात अंग टाकून पडलेली कुत्री, आता-आतापर्यंत तरी. स्टाफरूमच्या वळचणीला पिल्लं घेऊन बसलेली मांजरी. काजूच्या झाडावरून कौलांवर झेपावणारी माकडं. संध्याकाळी मुख्य फाटकातून सावकाश आत येणारी, कुणाची ते कुणी न सांगणारी गुरं.

जून ते एप्रिल यातल्या कुत्र्यांचं पोट कॅन्टीनवर चालायचं. वड्याचा अर्धा तुकडा, उसळीत बुडवलेला पाव, कुणाच्या डब्यातली उरलेली भाकरी. मग एके दिवशी हे सगळं थांबायचं. कुत्र्यांना तारीख कळत नाही, पण वेळ नेमकी कळते. सुट्टी लागल्यावरही कितीतरी दिवस ती मधल्या सुट्टीच्या वेळेला कॅन्टीनच्या पायरीशी येऊन बसायची. शटरकडे तोंड करून बसायची. ते बसणं ज्यानं पाहिलं आहे त्याला पुढचं काही समजावून सांगावं लागत नाही.

महाविद्यालयात प्राण्यांसाठी मंडळ काढणं सोपं असतं. जनावरांवर माया करणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात. पोस्टरं होतात, फेरी निघते, शपथ घेतली जाते. मंडळ खरं आहे की नाही ते मे महिन्यात कळतं. मुलं तीन वर्षांसाठी येतात. त्यांची माया अस्सल असते, आणि तरी पदवी हातात पडली की ती मुंबईला जातात, पुण्याला जातात, गोव्यातल्या औषध कंपन्यांत आणि हॉटेलांत कामाला लागतात. कुत्रं मागे राहतं. त्याला माणसावर विश्वास ठेवायला ज्यांनी शिकवलं ती माणसं गेलेली असतात. नव्या बॅचमधलं कुणीतरी दगड उचलतं तेव्हा ते पळत नाही, शेपूट हलवत उभं राहतं. लळा लावून निघून जाणं हीसुद्धा क्रूरता आहे, असं मी आता ठामपणे म्हणते. आमचं सगळं काम या एका गोष्टीभोवती फिरत आलं आहे.

सुरुवात झाली ती एका जुलैत. गड आणि जानवली या दोन्ही नद्या दुथडी भरून वाहत होत्या, छत्र्या वाळत नव्हत्या, वह्यांना बुरशीचा वास येत होता. हरकुळकडून येणारा दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा, वर्गात कधी तोंड न उघडणारा, प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "मॅडम, काळ्याच्या कानात किडे पडलेसत."

सायकल स्टँडच्या कोपऱ्यात आवारातला काळ्या कुत्रा मान कलती करून बसला होता. आधी वास आला. कानाच्या मुळाशी जखम होती आणि तिच्यात तांदळाच्या कण्यांसारख्या अळ्या वळवळत होत्या. माशी ओल्या जखमेत अंडी घालते, दिवसभरात अळ्या बाहेर पडतात आणि मांस खात खात आत शिरतात. पावसाळ्यात गुराढोरांना हे दुखणं नेहमीचंच. म्हणून तर शिपायांनी विचारायच्या आधीच सीताफळीचा पाला वाटून आणला. पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सांगितलं, पट्टीनं तोंड बांधा, जखम धुऊन घ्या, फवारा मारा, अळ्या वर आल्या की एकेक उचलून काढा. आणि हे रोज करा, एक दिवस चुकवलात तर पहिल्यापासून.

चिमटा हवा होता. माझ्या टेबलाच्या खणात जुनी डिसेक्शनची पेटी होती. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१४ साली पदवी आणि पदव्युत्तर वर्गांतलं प्राण्यांचं विच्छेदन बंद केलं, तेव्हापासून ती नुसती पडून होती. आमच्या पिढीनं त्याच चिमट्यांनी बेडकाची कातडी उचलली, मेणाच्या ट्रेमध्ये त्याचे पाय ताणून टाचण्या टोचल्या. पहिल्या पावसात पोत्यातून बेडूक यायचे आणि काही दिवसांत पोतं रिकामं व्हायचं. त्या पोत्याची हालचाल मला अजून आठवते. तो चिमटा मी त्या मुलाच्या हातात दिला. त्यानं काळ्याचं डोकं मांडीवर घेतलं, मोबाइलचा उजेड दुसऱ्या मुलीला धरायला सांगितला आणि एक एक अळी उचलून कापसाच्या बोळ्यावर ठेवू लागला. पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता की कुणी काही बोलत नव्हतं. कुत्र्याच्या अंगातून थरथर जात होती, घशातून गुरगुर येत होती, पण डोकं त्यानं मांडीवरून काढून घेतलं नाही.

रोजचं ते काम शनिवारपर्यंत सुरळीत चाललं. मग रविवार तोंडावर आला आणि प्रश्न पडला, उद्या कोण येणार? आमचं मंडळ त्या प्रश्नातून जन्मलं. चार-पाच मुलांनी वार वाटून घेतले. कुणीतरी शंभर पानी वही आणली, तिच्यावर रेघा मारल्या: तारीख, जनावर, काय केलं, कुणी केलं. पुढे रीतसर अर्ज झाला. महाविद्यालयांनी प्राणी कल्याणासाठी मंडळं काढावीत असं आयोगानंच सुचवलेलं असल्यामुळे परवानगी मिळायला अडचण आली नाही. प्राचार्यांनी एकच विचारलं, कुत्रं एखाद्याला चावलं तर जबाबदार कोण? योग्य प्रश्न होता तो. त्याचं उत्तर शोधण्यात पुढची वर्षं गेली.

पहिल्याच बैठकीत मागच्या बाकावरून आवाज आला, "तुमी मासळी खातास मां? मगे कसली प्राणीदया?" वर्ग हसला. हसणं विरलं, प्रश्न तसाच राहिला. आणि तो टाळून या जिल्ह्यात असं मंडळ चालवता येणारच नाही. आमच्याकडे सोमवार, गुरुवार आणि संकष्टी सोडली तर ताटात बांगडा नाहीतर पेडवे असतात. मालवण, देवगडच्या बंदरांवर निम्मी घरं जाळ्यावर जगतात. मंडळातल्या मुलीच्या टिफिनमध्ये सुक्या बोंबलाची चटणी आणि हातात मांजराच्या पिल्लासाठी दूध, हे दृश्य मी रोज पाहते.

मी त्या मुलांना ऑक्सफर्डच्या बेलियल कॉलेजमधल्या एका जेवणाची गोष्ट सांगितली. साल १९७०. पीटर सिंगर हा ऑस्ट्रेलियातून आलेला विद्यार्थी भोजनगृहात बसला होता. सोबतच्या रिचर्ड केशेन या कॅनडाच्या विद्यार्थ्यानं स्पॅगेटीवरच्या सॉसमध्ये मांस आहे का, असं विचारलं आणि आहे म्हटल्यावर दुसरं काही घेतलं. सिंगरनं कारण विचारलं. त्या संभाषणातून पुढे १९७५ साली 'ॲनिमल लिबरेशन' हे पुस्तक आलं आणि प्राण्यांच्या प्रश्नाला तत्त्वज्ञानाच्या वर्गात जागा मिळाली. केशेननं व्याख्यान दिलं नव्हतं, सिंगरच्या ताटाकडे बोट दाखवलं नव्हतं. त्याला विचारलं गेलं तेव्हा त्यानं सरळ उत्तर दिलं, एवढंच. जगातली ही मोठी चळवळ दोन विद्यार्थ्यांच्या जेवणाच्या टेबलावर उमलली, हे आमच्या मुलांना फार आवडलं. त्यांच्याही कॅन्टीनमध्ये टेबलं आहेत.

मंडळात कुणी यावं याचा नियम त्या दिवशी ठरला: मासे खाणाऱ्यानं यावं, न खाणाऱ्यानंही यावं, पण 'मी खातो' म्हणून विचार करायचं थांबवू नये. एवढी एकच अट. माझं स्वतःचं मत असं आहे की प्राण्यांचा हक्क हा सोवळ्याचा विषय झाला की तो प्राण्यांच्या उपयोगाचा राहत नाही. कोण किती शुद्ध यावर भांडण लागतं आणि जखमी कुत्रं सायकल स्टँडमध्ये तसंच पडून राहतं. आपल्याकडे तर ताटातल्या अन्नावरून माणसांची पायरी ठरवण्याचा इतिहासच आहे. तो रस्ता मला मुलांना दाखवायचा नव्हता.

विचार मात्र खरोखरच थांबला नाही. जूनमध्ये मिरग लागतो, पहिला जोरदार पाऊस होतो, ओढ्यांना, म्हणजे आमच्या व्हाळांना, तांबडं पाणी येतं आणि नदीतले मासे अंडी घालायला उलटे वर चढतात. खवळे, मळये, शेंगटी. शेतांच्या बांधांवरून, दगडांच्या फटींतून, टीचभर पाण्यातून पोट घासत ते वर जातात. त्या रात्री गावोगावचे पुरुष आणि पोरं बॅटऱ्या, काठ्या, कोयते घेऊन व्हाळावर उतरतात. चढणीच्या माशांची ती रात्र आमच्या मुलांच्या आयुष्यातली सगळ्यात आनंदाची रात्र असते. आते-मामे भाऊ मुंबईहून खास तिच्यासाठी येतात. डोक्यावर पाऊस, पायाखाली निसरडे दगड, बॅटरीच्या झोतात चमकणारं रुपेरी अंग. मी लहानपणी ती रात्र पाहिलेली आहे, तिची ओढ मला कळते.

वागद्याच्या एका मुलीनं बैठकीत तोच विषय काढला. ती म्हणाली, माशाचं पोट फाडलं की आत नुसती गाबोळी असते. एक मासा मारला की नेमके किती मारले? समुद्रातही यांत्रिक होड्यांना जून-जुलैत बंदी असते, ती याच कारणानं. मग व्हाळाला का नको? चर्चा तापली. "आमच्या बापाशीनी खाल्ले, आज्यानी खाल्ले, आताच काय झाला?" असं एकानं विचारलं. दुसऱ्यानं सांगितलं, आज्याच्या वेळी मासे मारायला व्हाळात ब्लिचिंग पावडर टाकत नव्हते. शेवटी ठराव वगैरे झाला नाही. काहींनी ठरवलं की अंडी घालून परतणारा मासा खायचा, चढणारा सोडायचा. काहींनी काहीच ठरवलं नाही. वागद्याच्या मुलीनं घरी सांगितल्यावर तिच्या वडिलांनी ऐकून घेतलं आणि त्या वर्षीही ते व्हाळावर गेले. ती गेली नाही. एकाच घरात त्या रात्री दोन माणसं दोन तऱ्हांनी जागी होती, आणि सकाळी दोघांनी एकमेकांशी नीट बोलून चहा घेतला, असं तिनं मला सांगितलं. मंडळानं याहून अधिक काही साधलं असेल तर मला ठाऊक नाही.

कायदा मुलं हौसेनं वाचतात. १९६०चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आपल्या देशात आला त्यामागे रुक्मिणीदेवी अरुंडेल होत्या. भरतनाट्यमसाठी आपण त्यांना ओळखतो. राज्यसभेत त्यांनी आधी खासगी विधेयक मांडलं होतं, आणि १९६२ साली प्राणी कल्याण मंडळ स्थापन झालं तेव्हा त्याच्या पहिल्या अध्यक्षही त्याच झाल्या. हे ऐकताना वर्गात उत्साह असतो. मग कलम ११ येतं. जनावराला मारहाण करणं, उपाशी ठेवणं, सोडून देणं, जखमी असताना कामाला जुंपणं, या सगळ्याला पहिल्या गुन्ह्यासाठी दंड किमान दहा रुपये आणि कमाल पन्नास. साठ वर्षं उलटून गेली, आकडा तोच. प्रत्येक वर्षी या ओळीपाशी वर्ग गप्प होतो आणि कुणीतरी विचारतं, "मॅडम, छापण्यात चूक तर नाय?"

पण त्याच कायद्याच्या बळावर पुष्कळ काही झालंही आहे. आमच्या शेजारी गोव्यात धिरयो म्हणजे बैलांच्या झुंजी भरत. १९९६ सालच्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं त्या बेकायदा ठरवल्या. आमच्याकडेही झुंजींचा नाद आहे. चोरून भरतात, भल्या पहाटे, मळ्यात, आणि मोबाइलवर त्यांचे व्हिडिओ गावभर फिरतात. मंडळातल्या एका मुलाच्या काकांकडे असा झुंजीचा बैल होता. त्या बैलाला काका स्वतःच्या हातानं न्हाऊ घालत, उडीद शिजवून चारत, रात्री उठून त्याला पाहून येत. मुलगा म्हणाला, "काकांएवढी माया कोणी करूचो नाय त्येच्यार." तरीही दोन शिंगं एकमेकांत अडकतात, कातडी फाटते, हरलेला बैल रान गाठेपर्यंत धावत सुटतो, ते त्या मायेसमोरच घडतं. माया असली की हक्काची गरज उरत नाही असं मानणाऱ्या माझ्या मनाला त्या मुलाच्या बोलण्यानं कायमचं उत्तर मिळालं. त्यानं काकांची तक्रार केली नाही. मीही त्याला तसं सुचवलं नाही. घरात रोज थोडं थोडं बोलणं त्यानं पत्करलं. तो मार्ग लांबचा होता. मला तोच बरोबर वाटतो, कारण त्याला त्या घरात पुढेही राहायचं होतं आणि बैलालाही.

महामार्गावरच्या गुरांबद्दल थोडक्यात सांगते. पॉवर टिलर आले, नांगर माळ्यावर गेले, बैलांचं काम संपलं. २०१५पासून राज्यात गाईंबरोबर बैलांच्याही कत्तलीला बंदी आहे. पण म्हाताऱ्या बैलाला कोण पोसणार ते कुणी सांगितलं नाही. पावसात गोठ्यात चिखल आणि डास, डांबर कोरडं आणि उबदार, म्हणून रात्री गुरं मुंबई-गोवा महामार्गावर येऊन बसतात. मुलांनी शिंगांना आणि गळ्यांत चमकत्या पट्ट्या बांधल्या. काही गुरं वाचली असतील. काही वाचली नाहीत, ती आम्ही पाहिली.

एका पहाटे अशीच एक गाय उड्डाणपुलाच्या पलीकडे पडलेली होती. तिला उचलायला कुणी पुढे येईना. जी मुलं जिवंत कुत्र्याला मांडीवर घेत, तीही मागे सरली. तेव्हा मी त्यांना वागद्याला गोपुरी आश्रमात घेऊन गेले. अप्पासाहेब पटवर्धनांनी १९४८च्या मे महिन्यात गड नदीच्या काठी तो उभा केला. कणकवलीच्या चौकाला त्यांचं नाव आहे, मुलं रोज तिथून एसटी पकडतात. पण हा माणूस मैला उचलायचा, मेलेलं ढोर सोलण्याचं आणि कातडं कमावण्याचं काम हलकं नाही म्हणून सांगायचा, हे बहुतेकांनी ऐकलेलं नव्हतं. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू द्यावं म्हणून त्यांनी अन्नत्याग केला होता, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजींनीही. जनावर जिवंत असताना त्याला देवता म्हणायचं आणि मेल्यावर त्याला हात लावणाऱ्या माणसाला गावाबाहेर ठेवायचं, हा आपल्या समाजाचा जुना अन्याय आहे. प्राण्यांबद्दल बोलणाऱ्यानं त्याबद्दल गप्प बसू नये. पुढच्या वेळी खड्डा खणायला आमची मुलं फावडं घेऊन उभी होती.

आणि मग ७ नोव्हेंबर २०२५ उजाडला. सर्वोच्च न्यायालयानं देशभरासाठी आदेश दिला: शाळा-महाविद्यालयं, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बसस्थानकं, रेल्वेस्थानकं यांच्या आवारातली भटकी कुत्री तिथून हलवावीत, त्यांची नसबंदी आणि लसीकरण करून त्यांना आश्रयस्थानात ठेवावं, पुन्हा त्याच जागी सोडू नये. आवाराला कुंपण घालावं, आणि देखरेखीसाठी संस्थेनं एक अधिकारी नेमावा. भटक्या कुत्र्यांसाठीच्या २०२३च्या नियमांप्रमाणे तोवर कुत्रं जिथून उचललं तिथंच परत सोडायचं असे. पुढे सुनावण्या चालूच राहिल्या, पण आमच्या फाटकापाशी तो आदेश पोचला होता. देखरेखीचं काम कुणाकडे द्यायचं हे ठरवायला वेळ लागला नाही. कुत्र्यांची नावं जिला पाठ होती तिच्याकडेच ते आलं.

मुलं चिडली. दोघी रडल्या. मी त्यांना आधी मुंबईतली १८३२ सालची हकिकत सांगितली: सरकारनं भटकी कुत्री मारायला माणसं लावली तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला, दंगल झाली. कुत्र्यांवरून या मुलखात माणसं फार पूर्वीपासून भांडत आली आहेत. आणि मग मंडळातल्याच एका मुलाला बोलायला सांगितलं, ज्याच्या धाकट्या भावाला शाळेच्या वाटेवर कुत्रं चावलं होतं. नळाखाली जखम साबणानं पंधरा मिनिटं धुवायची असते, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. आईनं हळद भरली होती. लशीच्या तारखा संपेपर्यंत ते घर कसं जगलं, ते त्यानं सांगितलं. रेबीज एकदा झाला की माणूस जवळपास कधीच वाचत नाही. ज्या आईनं ते दिवस काढले तिला भूतदयेचे धडे देण्याचा अधिकार मला नाही. कुत्र्याची बाजू घ्यायची असेल तर त्या आईला सोबत घेऊनच घ्यावी लागेल, ही माझी या सगळ्यातून झालेली पक्की धारणा आहे.

आमची वही त्या दिवसांत कामी आली. प्रत्येक कुत्र्याचा रंग, खूण, नर की मादी, लस कधी, नसबंदी झाली असेल तर कानाला घेतलेला छेद, स्वभाव, सगळं लिहिलेलं होतं. आश्रयस्थानाची चौकशी मी ठिकठिकाणी केली. बहुतेक ठिकाणी मान हलवून दुसरीकडे पाठवण्यात आलं. तेवढ्यात मुलांनी आपापल्या वाड्यांत विचारायला सुरुवात केली. गावठी कुत्रं पाळायला कोकणातलं घर सहसा नाही म्हणत नाही. माकडांपासून परसू राखायला त्याचा उपयोगच होतो. एक मादी कलमठला गेली, दोन भाऊ एकत्र हळवलला. एक म्हातारं, कुणी न मागितलेलं, प्रयोगशाळेच्या शिपायांनी रिक्षातून घरी नेलं. काही कुंपणाबाहेर राहिली. त्यांची खाण्याची जागा आम्ही नगरपंचायतीला कळवून रस्त्यापलीकडे, मुलांच्या येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर नेली. तिथं जांभ्याची एक जुनी दोण ठेवली आहे, तिच्यात रोज पाणी भरायचं असतं. सगळं मनासारखं झालं असं मी म्हणणार नाही. हलवलेलं एक कुत्रं तीन वेळा चालत परत आलं.

काळ्या हरकुळला आहे. ज्यानं त्याच्या कानातले किडे काढले तो मुलगा आता वेर्ण्याला कारखान्यात पाळीवर असतो; काळ्याला त्याच्या आईनं ठेवून घेतलं. महिन्यातून कधीतरी त्याचा फोन येतो. घरी रोज बोलत असूनही तो मला विचारतो, "मॅडम, वहयेत काळ्याचा पान आसा मां अजून?" आहे. कुत्रं जिवंत असेपर्यंत पान बंद करायचं नाही, असा मंडळाचा रिवाज झाला आहे. तिसऱ्या वर्षाची मुलं जाताना आपल्या वाट्याचं प्रत्येक जनावर खालच्या वर्गातल्या कुणाला तरी नावानिशी सोपवतात. त्या मुलाला पंधरा दिवस बरोबर घेऊन फिरतात, कुत्र्याला त्याचा वास ओळखीचा होऊ देतात, मगच सही करतात. माजी विद्यार्थी लशींचे पैसे पाठवतात. हे सगळं कुणी मंडळाच्या घटनेत लिहिलेलं नाही, हळूहळू रुजलं.

या मे महिन्याचे वार वाटून झाले आहेत. जवळ राहणाऱ्या मुलांनी सकाळ घेतली आहे, संध्याकाळी शिपाई आणि मी. कॅन्टीनवाल्यानं जाताना तांदळाचं अर्धं पोतं ठेवलं, पैसे घेतले नाहीत. जूनच्या पहिल्या बैठकीला एका प्रथम वर्षाच्या मुलानं विषय सुचवून ठेवला आहे: त्याच्या गावात दरवर्षी राखण असते, गावाच्या राखणदार देवचाराला कोंबडा द्यावा लागतो, आणि यंदा कोंबडा त्यानं स्वतः वाढवलेला आहे. धर्मरीतीनं मारण्याला १९६०च्या कायद्याचं कलम २८ सूट देतं, हे मी त्याला सांगितलं. त्यानं ते वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतलं आणि म्हणाला, "कायदो कळलो, मॅडम. आता आजयेक काय सांगू, ता बैठकीत ठरवूया."